सूट न देणारा माझा भाडेकरू

पिवळं. नुसतं पिवळं. डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नव्हता. डोक्यावर यंत्राचा आवाज, इतका जवळ की दात हलत होते, आणि यंत्र नेमकं कुठं आहे ते कुणालाच कळत नव्हतं. बिरोबाच्या पटांगणात भंडाऱ्याची पोतीच्या पोती उधळून झाली होती. खाली येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पंख्यानं तो सगळा भंडारा भोवऱ्यासारखा फिरवून वर उचलला होता. त्या पिवळ्यात माझ्या भावाचा धाकटा मुलगा आणि त्याच सकाळी त्याच्याशी लग्न लागलेली पोरगी अधांतरी होती. आणि त्याच पिवळ्यात एक माणूस दोरीखालून वाकून आत शिरला. औक्षणाची ताटं घेऊन उभ्या असलेल्या आमच्या बायकांना तो दंडाला धरून, केसाला धरून मागं फेकायला लागला.

"खाली पडा! आडव्या पडा सगळ्या!" तो ओरडत होता.

"धरा रे त्याला! बायांच्या अंगाला हात लावतोय!" माझा भाऊ ओरडत होता.

तो माणूस माझा भाडेकरू होता.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळे साहेबच म्हणायचे, मीही साहेबच म्हणते. चिकलठाण्याला आमचं घर आहे, विमानतळाच्या भिंतीपासून फार लांब नाही. नवरा गेल्यावर वरच्या दोन खोल्या मी भाड्यानं द्यायला लागले. कंपनीतली पोरं राहून गेली, एक नर्सबाई राहून गेली. साहेब आले तेव्हा त्यांनी आधी भाडं विचारलं नाही. गच्चीवर जाऊन कठडा हलवून पाहिला. जिन्यातला दिवा लावून पाहिला. गॅसची नळी बोटांनी वाकवून पाहिली आणि म्हणाले, "बाई, ही नळी बदलावी लागेल."

"आधीचे सगळे भाडेकरू याच नळीवर जेवले," मी म्हणाले.

"ते जगले यात नळीचं काही कौतुक नाही."

मला तो माणूस तिथंच आवडला नाही. नळी मात्र बदलली.

साहेब विमानांच्या सुरक्षेच्या खात्यात होते. मी चौथी शिकलेली बाई, त्यांचं काम मला कळायला बरेच दिवस गेले. मला जे कळलं ते असं. विमानाचे आणि विमानतळाचे नियम असतात. भिंतीजवळ इतकीच उंच इमारत बांधायची, हेलिकॉप्टर अशाच जागी उतरवायचं, पायलटनं इतकेच तास चालवायचं. आणि प्रत्येक नियमाला एक माणूस असतो, ज्याला तो नियम सगळ्यांना हवा असतो, फक्त स्वतःला नको असतो. तो अर्ज करतो की एवढ्या वेळेपुरती मला सूट द्या. तो अर्ज साहेबांकडे यायचा. साहेब जागा बघून यायचे, अहवाल लिहायचे आणि वर पाठवायचे. द्यायची की नाही ते वर ठरायचं. पण साहेबांचा अहवाल बहुतेक वेळा एकच असायचा. नको.

मी एकदा विचारलं, "साहेब, कधी व्हय म्हणता का नाही तुम्ही?"

"म्हणतो की. लोक कारण सांगत नाहीत, बाई. अडचण सांगतात. बिल्डर सांगतो बँकेचं कर्ज आहे, पुढारी सांगतो सभेला उशीर होतोय. अडचण खरी असते. पण विजेच्या तारेला ती माहीत नसते."

त्यांनी व्हय म्हटलेलंही मी पाहिलं आहे. एकदा चहा गॅसवर असताना फोन आला. कुणी बाळंतीण अडली होती, तिला न्यायला छोटं विमान यायचं होतं आणि धावपट्टी बंद व्हायची वेळ झाली होती. साहेबांनी फोनवर फक्त प्रश्न विचारले. दिवे कोण लावणार, आगीचा बंब कुठं उभा राहील, पायलट आज किती तास जागा आहे. चहा उकळायच्या आत ते म्हणाले, "माझ्याकडून हो. वरती मी सांगतो." मी म्हटलं, हे बरं चटकन झालं. तर म्हणाले, "नियम मोडून त्याच्या जागी काय ठेवणार, ते यांनी आधी सांगितलं. बाकीचे नुसते मोडायचं विचारतात."

पण असे फोन कमी. बाकी वेळ हा माणूस म्हणजे डोक्याला ताप.

उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घातल्या. साहेब वर आले, कुरडया पाहिल्या, आभाळाकडं पाहिलं. "बाई, यावर जाळी टाका. पाखरं येतात. विमानतळ जवळ आहे, पाखरू इंजिनात गेलं की काय होतं माहीत आहे का?"

"माझ्या कुरडईनं विमान पडतं व्हय?"

"एका कुरडईनं नाही पडत. पण सूट एका कुरडईपासूनच सुरू होते."

मी जाळी टाकली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर गेले तर हा माणूस डोक्याला पंचा बांधून कुरडयांजवळ खुर्ची टाकून बसलेला. हातात काठी. रविवार होता, त्याची सुट्टी होती. दिवसभर त्यानं कावळे हाकलले. संध्याकाळी मीच लाज वाटून जाळी आणली. लाज मला क्वचित वाटते.

मला त्यांनी हेल्मेट घालायला लावलं होतं. माझा गुडघा दुखायचा तेव्हा ते स्कूटरवरून मला दवाखान्यात न्यायचे, पण हेल्मेटशिवाय स्कूटर चालूच करायचे नाहीत. मी नऊवारीवाली बाई, पदरावरून ते काळं भांडं डोक्यात घालून मागं बसायचे. गल्लीतली पोरं ओरडायची, "आज्जी, इमान चालवायला चालली का?" मी म्हणायचे, "तुझ्या बापाला बसव मागं, चल." साहेब आरशात बघून हात दाखवून वळायचे. रस्ता मोकळा असला तरी हात दाखवायचे.

आंब्याची गोष्ट सांगते. एका बिल्डरला विमानतळाच्या बाजूला दोन मजले जास्त चढवायचे होते. एके दिवशी माझ्या पायरीवर आंब्याची पेटी. नाव नाही, गाव नाही. साहेबांनी पेटी पाहिली आणि जिन्याखाली सरकवून ठेवली. "ज्याची आहे तो घेऊन जाईल." कुणी आलं नाही. आंबे पिकले, वास सुटला, चिलटं झाली.

"साहेब, सडतायत."

"सडू द्या."

"लेकराबाळांना वाटून टाका की."

"म्हणजे मी घेतल्यासारखंच झालं."

मी म्हटलं, मी काय कुणाला सूट देते का? मग मी चांगले आंबे निवडून घेतले, रस केला आणि त्यांच्यासमोर बसून खाल्ला. ते शेजारी बसून पोळी आणि लोणचं खात होते. त्यांच्या डोळ्यांत रसाची इच्छा मला स्वच्छ दिसत होती. त्या बिल्डरचे दोन मजले काही चढले नाहीत.

चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्यांची बायको नाशिकला मास्तरीण होती, सुट्टीत यायची. ती मला एकदा म्हणाली, "मावशी, यांच्याशी भांडताही येत नाही. हे प्रत्येक भांडणाची पाहणी करतात." पोरीला कॉलेजला सोडायला हा माणूस गेला नाही, कारण त्या आठवड्यात कुठल्याशा जागेची पाहणी होती. त्या बाईनं हे कसं सोसलं ते मला माहीत नाही. मी सोसलं नसतं. अंगाला सदा बामाचा वास, बोलणं पुस्तकासारखं, आणि कुणी मेलं तरी आधी कशानं मेलं ते विचारायचं, मग वाईट वाटून घ्यायचं.

आता माझ्या भावाकडं येते. सोपान माझ्याहून लहान. आमची जात मेंढरं राखणारी. सोयगाव तालुक्यात आमचं गाव, बापानं उभा जन्म मेंढरांमागं काढला. सोपाननं मेंढरं विकून जुनी बस घेतली, मग दुसरी घेतली, आता वाळूजच्या कंपन्यांना कामगार न्यायला-आणायला त्याच्या बसगाड्या लागतात. पैसा झाला. पैसा झाल्यावर माणसाला आभाळातून यावंसं वाटतं. धाकट्या पोराचं लग्न ठरलं आणि सोपाननं ठरवलं, लग्न नवरीच्या गावाला लावायचं, जालन्याकडं, आणि नवरी घरी आणायची ती हेलिकॉप्टरनं. थेट बिरोबाच्या दारात.

तो अर्ज साहेबांकडं आला. सोपान पेढे घेऊन माझ्याकडं आला.

"आक्का, तुझ्या घरात ऱ्हातो ना त्यो? तू नुसतं शब्द टाक."

"त्यो कुणाचं ऐकत नाय."

"मालकीणबाईचं बी नाय? मग भाडं वाढव त्याचं!" तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "आक्का, बापाला त्या गावात कुणी ओट्यावर बसू देत नव्हतं. माझी सून तिथं आभाळातून उतरनार. मला दुसरं काय नको."

हे त्याचं खरं होतं. मला ते कळत होतं, म्हणून मी शब्द टाकला. साहेबांनी पेढ्याला हात लावला नाही. म्हणाले, "जागा बघू. तुम्हीही चला, तुमचं माहेर आहे."

बिरोबाचं पटांगण म्हणजे देवळासमोरची मुरमाड मोकळी जागा. एका अंगाला देऊळ आणि त्याचा दगडी ओटा, दुसऱ्या अंगाला मळ्यावर गेलेली विजेची तार, मागं मेंढरांचे वाडे. साहेबांनी चालत चक्कर मारली. मग पटांगणाच्या मधोमध गोणपाट टाकून उताणे झोपले. गावातली माणसं गोळा झाली. एक म्हातारा म्हणाला, "फेफरं आलं वाटतं, कांदा आणा." साहेब झोपूनच बोलले, "तार उभ्या माणसाला दिसत नाही. आभाळावर धरली की दिसते." बराच वेळ ते तसेच पडून राहिले. मग उठून पाठ झटकली आणि सोपानला म्हणाले, "इथं नको. नियमात बसत नाही आणि सूट देण्यासारखंही काही नाही. खालच्या शाळेचं पटांगण चांगलं आहे. तिथं उतरवा, तिथून वाजतगाजत या."

"वाजतगाजत तर बैलगाडीनं बी येतं," सोपान म्हणाला. "मग हेलिकॉप्टर कशाला पायजे? नवरी बिरोबाच्या दारातच उतरनार."

"तिथं चारी बाजूंनी माणसं असतील, सोपानराव. ती अर्जावर सही करत नाहीत."

सोपान माझ्याकडं वळला. "बघितलं का, आक्का? तुझा भाडेकरू." आणि त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं.

साहेबांनी नको लिहून पाठवलं. आठवड्याच्या आत वरून उलटा हुकूम आला. सूट मंजूर, अटींवर. कुणी फोन केला, कुणाला केला, ते मला माहीत नाही आणि साहेबांनी कधी सांगितलं नाही. अटी अशा की पटांगणात टँकरनं पाणी मारायचं म्हणजे धूळ उडणार नाही, लोकांना दोरीच्या मागं ठेवायचं, कापडाची कमान लावायची नाही, तेवढ्या वेळेपुरती तार बंद ठेवायची.

मला वाटलं साहेब चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी त्या दिवसाची रजा टाकली.

"तुम्हाला बोलावणं नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला?"

"मलाही नाही. पण ते माझं माहेर आहे."

"मग मी तुमची पिशवी धरतो."

आम्ही एसटीनं गेलो. सगळ्या प्रवासात ते खिडकीतून तारा बघत होते.

पटांगणात पोचलो तर सगळं जिथल्या तिथं. टँकरनं पाणी मारून मुरूम दाबून बसवला होता. दोरी बांधली होती, दोरीपाशी पोरं उभी केली होती. कमान नव्हती. तार बंद केल्याचा निरोप आला होता. सोपान मला बघून तोंड फिरवणार होता, पण साहेबांना बघून त्याची छाती फुगली. "साहेब, मोजून घ्या. एक अट राहिली असंल तर मिशी काढतो." साहेबांनी फिरून पाहिलं, मुरुमावर टाच घासून पाहिली. धूळ उठली नाही. "सगळं आहे," ते म्हणाले. त्यांना ते म्हणायला जड गेलं, पण खोटं बोलता येत नव्हतं.

मग दोरीच्या पुढं ढोलवाले आणि औक्षणाच्या बायका, एवढ्यांनाच आणून उभं केलं. नवरीला ओवाळायला कुणीतरी पुढं हवंच ना, असं सोपानचं म्हणणं. अटीत त्यानं तेवढी स्वतःच सूट घेतली होती. साहेबांनी "यांना मागं घ्या" म्हणून सांगितलं. सोपान म्हणाला, "घेतो घेतो," आणि घेतलं नाही. ढोलवाल्यांत म्हाळू होता, माझ्या चुलत भावाचा मुलगा. वाळूजला सोपानचीच बस चालवायचा, पहिल्या शिफ्टची. लग्न म्हटलं की रजा टाकून ढोल कमरेला बांधायचा. मला बघून ढोलावर एक टिपरू हाणून म्हणाला, "आक्का, आज आभाळ खाली आनतो बघ."

मी आणि साहेब देवळाच्या बाजूला उभे राहिलो. आवाज यायला लागला, लांबून, माशी फिरावी तसा. माणसं माना वर करून उभी राहिली. तेवढ्यात साहेबांनी ओट्याकडं बोट केलं.

"बाई, ती पोती कसली?"

"भंडाऱ्याची."

"म्हणजे?"

"हळद. देवाची."

"स्वयंपाकाला?"

"उधळायला, साहेब. बिरोबाच्या नावानं."

"नवरी उतरून देवळात गेल्यावर?"

"तवर कोण थांबतंय? दिसली की उधळायची."

त्यांनी पोत्यांकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. आयुष्यात त्यांनी तारा पाहिल्या, पाखरं पाहिली, धूळ पाहिली. भंडारा पाहिला नव्हता. आणि आमच्या गावात ज्यानं त्यानं धुळीवर पाणी मारलं, पण भंडाऱ्याला धूळ कुणी म्हटलं नाही. देवाच्या हळदीला धूळ कोण म्हणेल? त्यांना ठाऊक होतं ते आम्हाला नव्हतं, आम्हाला ठाऊक होतं ते त्यांना नव्हतं, आणि दोन्ही एका जागी आलं तेव्हा हेलिकॉप्टर देवळाच्या झाडाएवढं खाली आलं होतं.

माझी पिशवी टाकून ते पळाले. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेला. "टाकू नका! टाकू नका!" ओरडत होते. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? पहिली ओंजळ उडाली, मग पोती उपडी झाली. बिरोबाच्या नावानं चांगभलं झालं आणि सगळं पिवळं झालं.

पुढचं मी पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. मला दिसलं ते शेवटी, पिवळं जरा फाटलं तेव्हा. साहेब बायकांना ओढत होते. एकीला त्यांनी अंबाड्याला धरून जमिनीवर आपटलं, तिचं ताट उडालं. मग ते ढोलवाल्यांकडं गेले. बाकीचे पोटावर पडले. म्हाळूला पडता येईना. ढोल कमरेला पोटावर आवळून बांधलेला. साहेब त्याच्या कमरेची गाठ सोडवत होते. तेवढ्यात यंत्राचा एक पाय ओट्याला लागला, ते कलंडलं, पंखा जमिनीला लागला आणि पातं तुटून आलं.

सोपान माझ्याकडं परत आला तो पंधरा दिवसांनी. या वेळी पेढे नव्हते.

"आक्का, चौकशीवाले येनार. तू एवढंच सांग. त्यो मानूस पळत आत शिरला आन् पायलट बिचकला. बाकी आम्ही सांगतो."

"पायलटाला त्यो दिसला कसा? तुला तुझा हात दिसत नव्हता."

"त्यानं बायांच्या अंगाला हात लावला. त्या सगळ्या सांगनार हायेत. कागदावर अंगठे दिलेत त्यांनी."

"देऊ दे."

"सख्ख्या भावाच्या इरोधात बोलशील? कुणाच्या बाजूची हायेस तू?"

"म्हाळूच्या," मी म्हणाले. "दरवाजा लावून जा, कुत्रं शिरतं."

चौकशीवाले देवळाच्या मंडपातच बसले, टेबल-खुर्ची मांडून. गाव भोवती. बायकांनी एकीमागून एक सांगितलं, त्या परक्या माणसानं आमच्या केसांना धरलं. माझा नंबर आला. मोठा साहेब म्हणाला, "आजी, तुम्ही काय पाहिलं?"

मी म्हटलं, "त्यांनी केसांना धरलं. व्हय, धरलं. मी पाहिलं. आपटलं सुद्धा. आता तुम्ही उठा आणि माझ्यासंगं चला." मी त्या माणसाला उठवून पटांगणात नेलं. मुरुमात पात्यानं पाडलेली चर अजून तशीच होती. मी त्या चरीत उभी राहिले. "ताटं घेऊन या इथं उभ्या होत्या. आता तुम्ही सांगा, यांच्या केसांचं काय करायचं?"

सोपान म्हणाला, "म्हातारी हाय ती, तिला काय कळतं."

"मला कळत नाय तर माझ्या घरी पेढे घेऊन कशाला आला होतास?" मी म्हणाले. मंडपात कुणीतरी हसलं.

मला वाटलं, संपलं, माणूस सुटला. तर शेवटी साहेबांना बोलावलं. त्यांचा एक हात गळ्यात बांधलेला होता, खांद्याचं हाड मोडलं होतं. त्यांना विचारलं, तुमच्या पाहणीत काही राहिलं होतं का? आणि हा शहाणा म्हणाला, "हो. भंडारा राहिला. माझ्या अहवालात तो नव्हता. असायला हवा होता."

मी त्यांना लिंबाखाली गाठलं. "कुणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला?"

"त्यांनी विचारलं, बाई."

"तुम्ही नको लिहिलं होतं ना? मग विषय मिटला. ज्यानं व्हय लिहिलं त्याला विचारायचं."

"मी नको लिहिलं ते तारेमुळे आणि गर्दीमुळे. त्यांनी तार बंद केली, दोरी बांधली. भंडारा लिहिला असता तर त्यांना त्याचीही अट घालावी लागली असती."

"आणि आमच्या लोकांनी पाळली असती?"

त्यांनी गळ्यातला हात सावरला. "ते मला माहीत नाही. पण म्हाळूला कुणीतरी आधी सांगितलं असतं, ढोल सैल बांध."

मी त्यांच्यावर एवढी संतापले की परतीच्या एसटीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. या माणसानं जगाला सूट दिली नाही ते मी समजू शकत होते. पण स्वतःचा गळा सोडवायची वेळ आली तेव्हाही यानं सूट घेतली नाही, हे मला आजही पटत नाही. लोक म्हणतात हा मोठेपणा. मी म्हणते हा हट्ट. पण सोपानच्या खोटेपणापुढं तो हट्ट मी डोक्यावर घेईन, हे मी गावातही सांगितलं आणि इथंही लिहिते.

त्यांची बदली झाली, लांब, कुठल्याशा समुद्राकाठच्या ठिकाणी. कामावर नसताना तिथं गेले, लोकांत शिरले, आणि अहवाल अपुरा, अशी कारणं. ज्यानं सूट दिली त्याला कुणी टेबलापुढं बोलावल्याचं मी ऐकलं नाही. खोली सोडताना त्यांनी गॅसची नळी परत वाकवून पाहिली. मी म्हटलं, "चांगली आहे, जा आता." ते गेले. मी रडले वगैरे नाही. खोली आठ दिवस झाडली नाही एवढंच.

मंडपात साहेब जे बोलले त्याचा पुढं नियम झाला. आता आमच्याकडं कुठं हेलिकॉप्टर उतरायचं असलं की पोलीस भोंग्यावर सांगतो, गुलाल, भंडारा, फुलं काही उधळायचं नाही, ढोल दोरीच्या मागं. लोक कुरकुरतात. कोण हा शहाणा, म्हणतात, ज्यानं हा नियम काढला. मी त्यांना सांगते, शहाणा नव्हता, माझा भाडेकरू होता. सोपान अजून माझ्याशी बोलत नाही. गावात अजून म्हणतात की त्या बामण साहेबाच्या पायगुणानं झालं. म्हणू देत. मी जत्रेला जाते, ओट्यावर बसते आणि कुणी तसं म्हणालं की त्याला त्या चरीच्या जागेवर उभं करते.

मागच्या महिन्यात सोयगावच्या बाजारात रुख्मी भेटली, सोपानची पुतणसून. साहेबांनी जिला अंबाड्याला धरून आपटलं ती हीच, आणि पहिला अंगठा हिचाच. पदर सारून डोकं दाखवत म्हणाली, "आक्का, त्या मेल्यानं धरलं तिथं अजून केस नाय आले बघा."

मी म्हटलं, "डोकं तर हाय ना?"

तिनं पदर परत डोक्यावर ओढला. मी भाजी घेतली आणि निघाले.

म्हाळू तिथंच गेला, ढोल कमरेला असताना. पायलटचा पाय मोडला, तो जगला. नवरी-नवरदेव जगले, त्यांना आता मुलगी आहे. आणि औक्षणाची ताटं घेऊन पुढं उभ्या होत्या त्या पाच जणी होत्या. पाचही जिवंत आहेत.